छपराची कड आणि पावसाचं पाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गावचं घर राजापूरकडचं, कौलारू. राहतो पुण्यात, स्लॅबच्या इमारतीत, सर्वात वरच्या मजल्यावर. त्यामुळे दोन्हीकडची गळती माझ्या वाट्याला आलेली आहे. गेल्या काही वर्षांत नातेवाईक, शेजारी, ओळखीचे आणि ओळखीच्यांचे ओळखीचे जे प्रश्न फोनवर विचारत आले, ते इथे एका जागी लिहून ठेवतोय. मी इंजिनिअर नाही. पण सुतार, गवंडी आणि वॉटरप्रूफिंगवाले यांच्या मागे उभं राहून बरंच पाहिलं आहे, आणि चुकांचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले आहेत.

छपराचा मधला भाग चांगला राहतो, मग कडच का कुजते?

कारण छपरावर पडलेला प्रत्येक थेंब शेवटी कडेवरूनच जातो. हिशेब करून बघा. २० फूट लांब आणि १५ फूट रुंद जागेवर पसरलेलं एक पाखं (छपराची एक उतरती बाजू) धरलं, तर ते झालं ३०० चौरस फूट, म्हणजे साधारण २८ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे त्या एका पाख्याच्या कडेवरून एका पावसाळ्यात ८४ हजार लिटर पाणी जातं. दहा हजार लिटरचे आठ टँकर! आढ्याजवळच्या, म्हणजे छपराच्या सर्वात वरच्या रेघेजवळच्या, कौलाला यातला जेमतेम शिंतोडा लागतो. वळचणीच्या, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या कडेच्या, कौलाला सगळं सोसावं लागतं.

दुसरं कारण जरा फसवं आहे. पाणी कडेला पोचलं की सरळ खाली पडेल असं आपल्याला वाटतं, पण पाणी चिकट असतं. कप तिरका करून चहा हळू ओतला की तो कपाच्या पोटावरून ओघळत बशीबाहेर जातो, तसंच हे. कड गुळगुळीत आणि गोल असली की पाणी वळून खालच्या अंगाला जातं, तिथून वाशावर (छपराच्या तिरक्या लाकडावर) किंवा छज्जाच्या पोटावर आणि शेवटी भिंतीत. या पानावर पुढे जे काही लिहिलं आहे, त्यातलं निम्मं या एकाच गोष्टीसाठी आहे: पाणी कडेवरून *सुटलं* पाहिजे. नुसतं वाहून गेलं एवढ्याने भागत नाही.

वळचण किती बाहेर हवी?

जुन्या घरांत दोन ते तीन फूट दिसते, आणि ती अंदाजाने ठेवलेली नाही. भिंत जितकी उंच तितकी वळचण जास्त बाहेर, कारण तिरका पाऊस उंच भिंतीचा जास्त भाग भिजवतो. म्हणूनच जुन्या घरांना चारी बाजूंनी पडवी असे. मूळ भिंतीपर्यंत पाऊस पोचायचाच नाही.

हल्ली घर 'मॉडर्न' दिसावं म्हणून वळचण नऊ इंचावर आणायची टूम निघाली आहे. नकाशात छान दिसतं. तिसऱ्या पावसाळ्यात खिडक्यांच्या वर पिवळे ओघळ येतात, मग ते झाकायला महागडा रंग, मग रंगाचे पोपडे. दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. आधार न देता चार फूट बाहेर काढलेली वळचण वाऱ्याला आयतीच सापडते. वारा भिंतीला आपटून वर चढतो आणि कडेखालून छप्पर उचलतो. दोन-अडीच फूट ठेवा आणि वाशांना खालून तिरके टेकू द्या.

वाशांची टोकं काळी पडली आहेत. सगळे वासे बदलावे लागतील का?

बहुतेक वेळा नाही. आधी तपासा. काळं पडणं आणि कुजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. जुना पेचकस किंवा दाभण घ्या आणि टोकाला, विशेषतः खालच्या अंगाला, टोचा. पाव इंचाच्या आत अडलं तर लाकूड शाबूत आहे, वरवर बुरशी आहे. लोण्यात गेल्यासारखं आत गेलं, तर कुठपर्यंत जातंय ते वर सरकत बघत जा. ठोकून पाहिलं तरी कळतं. टणक लाकूड टणटणतं, कुजलेलं बद्द वाजतं.

कुजणं टोकापासून सुरू होतं, कारण लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या असतात आणि तिथून पाणी शोषलं जातं. वाशाचा भिंतीबाहेरचा भागच गेला असेल तर तेवढा कापून, शाबूत भागाला बाजूने नवा तुकडा लावून बोल्ट मारता येतो. मात्र हा नवा तुकडा भिंतीच्या आतपर्यंत, बाहेर जेवढा आहे त्याच्या निदान दीडपट गेला पाहिजे. नाही तर तो पुढचं वजन पेलणार नाही. भिंतीवर जिथे वासा टेकतो तिथेच कुज पोचली असेल, तर वासा बदला, हातचं राखू नका.

नवीन टोकाबद्दल तीन गोष्टी. टोक काटकोनात कापण्याऐवजी खालच्या अंगाला आत जाईल असं तिरकं कापा, म्हणजे वरच्या धारेवरून थेंब सुटतो. कापलेल्या तोंडाला तेल किंवा प्रायमर दोन-तीनदा पाजा. बाजूंना एक हात पुरतो, तोंडाला पुरत नाही. आमच्याकडे काजूच्या टरफलाचं तेल लावतात. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही, पण ते कातडीला भाजतं, तेव्हा हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नका. आणि तिसरी गोष्ट, टोकाला पत्र्याची घट्ट टोपी बसवू नका. दिसायला पक्कं काम वाटतं, पण आत गेलेला ओलावा बाहेर पडत नाही आणि वासा टोपीच्या आतच भुगा होतो. आमच्या घरी चार वाशांचं असं झालं. टोप्या काढल्या तेव्हा वाशांऐवजी काळी माती बाहेर आली.

शेवटच्या ओळीचं कौल किती बाहेर काढायचं?

वाशांच्या तोंडाला मारलेल्या फळीच्या पुढे दोन ते तीन इंच. कमी ठेवलं तर पाणी फळीवर येतं. जास्त काढलं तर कौल मोडतं, कारण वानर उडी मारतं ते नेमकं तिथेच.

पण याहून महत्त्वाची गोष्ट बरेच जण विसरतात. वरच्या प्रत्येक ओळीतलं कौल खालच्या कौलावर टेकतं. शेवटच्या ओळीखाली कौल नसतं. त्यामुळे तिथली रीप (कौल टेकवायची आडवी लाकडी पट्टी) बाकीच्या रिपांएवढीच जाड असेल, तर शेवटची ओळ नाक खाली घालून बसते, तिच्यात आणि वरच्या ओळीत फट पडते, आणि वारा आला की त्या फटीतून पाणी आत. शेवटची रीप एका कौलाच्या जाडीइतकी उंच हवी. जुने सुतार दोन रिपा एकावर एक मारतात ते यासाठी. गेल्या वेळी आमच्याकडे आलेल्या पोराने 'एक पुरते काका' म्हणून एकच मारली. मी गप्प बसलो. जूनमध्ये माजघरात तीन पातेली मांडावी लागली.

मंगलोरी कौल उलटं करून बघा. पोटाला एक छोटा कान असतो आणि त्याला भोक असतं. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला या कौलांचा पहिला कारखाना काढला, तेव्हापासून कौल एकमेकांत अडकायची खाच हीच त्याची खुबी आहे. पण ही खाच बाजूने येणारं पाणी अडवते, वर उचलणारा वारा नाही अडवत. म्हणून निदान कडेच्या दोन ओळी त्या भोकातून तार ओवून रिपेला बांधा. समुद्राजवळ लोखंडी तार दोन-तीन वर्षांत गंजून तुटते. तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या.

पाख्याच्या बाजूची, म्हणजे त्रिकोणी भिंतीवरची कड कशी बंद करायची?

सगळे सिमेंटचा थर मारतात आणि सगळ्यांचा थर फुटतो. कौल आणि लाकूड ऊन-पावसात हलतं, सिमेंट हलत नाही. मारायचाच असेल तर मालात थोडा चुना घाला, आणि दर मे महिन्यात भेग बघा. त्यापेक्षा बरं म्हणजे कडेच्या वाशाला उभी फळी मारून तिच्यावर रंगीत पत्र्याची काटकोनी पट्टी बसवणं. पट्टीची एक बाजू कौलाच्या उंचवट्यावर यायला हवी आणि दुसरी फळीवरून खाली उतरायला हवी. खालच्या टोकाला पत्र्याची कड जराशी बाहेर दुमडून घ्या, नाही तर पाणी फळीवरच ओघळत राहील.

पन्हळ लावू की पागोळ्या पडू देऊ?

यावर माझं आणि आमच्या थोरल्या काकांचं कधी पटलं नाही. त्यांना पन्हळ, म्हणजे कडेखाली लावलेली पाणी वाहून नेणारी नाळ, हवी; मला पागोळ्या, म्हणजे कडेवरून सुटून पडणाऱ्या धारा.

पूर्वी पोफळीचं खोड उभं चिरून, आतला गर कोरून पन्हळ करत. ती दाराच्या वर आणि दोन पाखी मिळतात तिथेच असे, सगळीकडे नाही. सबंध घराला पन्हळ ही पीव्हीसीच्या जमान्यातली गोष्ट. घराभोवती आंबा-फणस असेल तर पहिल्या वाऱ्यातच पन्हळ पानांनी भरते, आणि भरलेली पन्हळ ही पन्हळ नसण्याहून वाईट. ती पाणी धरून ठेवते, फळीला लागून ठेवते आणि वजनाने वाशांची टोकं खेचते.

तेव्हा माझं मत असं. झाडांतल्या घराला पागोळ्या पडू द्या आणि खालची जमीन नीट करा. दारावर, जिन्यावर, शेजाऱ्याच्या हद्दीकडे आणि टाकीत पाणी साठवायचं असेल त्या बाजूला पन्हळ लावा. लावणार असाल तर मापं सांगतो. रुंदी सहा इंचांपेक्षा कमी नको. तासाला १०० मिलिमीटरच्या सरीत, वर सांगितलेल्या २० फुटी कडेवरून मिनिटाला सत्तेचाळीस लिटर, म्हणजे तीन मोठ्या बादल्या पाणी येतं, हे डोळ्यांसमोर ठेवा. उतार दहा फुटांना एक इंच. आधाराच्या कड्या दोन-दोन फुटांवर; दुकानदार तीन फूट सांगेल, ऐकू नका. कौलाचं टोक पन्हळीच्या तोंडाच्या एक तृतीयांश आत आलं पाहिजे. आणि पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा अर्धा इंच खाली ठेवा, म्हणजे तुंबली तरी पाणी अंगणात पडेल, घरात नाही.

पन्हळ साफ आहे, तरी पाणी मागे भिंतीकडे येतं. का?

तीनच शक्यता. कौल पन्हळीपर्यंत पोचत नाही, म्हणून पाणी मधल्या फटीतून उतरतं. किंवा पन्हळ मधे वाकली आहे आणि पाणी तिथे साचतं. किंवा कौलाच्या पोटावरून ओघळ मागे जातो. पहिल्या आणि तिसऱ्या दुखण्यावर एकच औषध: शेवटच्या कौलाखाली, रिपेवरून सुरू होऊन पन्हळीत उतरणारी सहा-आठ इंची पत्र्याची पट्टी. गावातला पत्र्याचं काम करणारा ती अर्ध्या दिवसात वाकवून देतो.

पागोळ्या पडतात तिथे जोतं (घराचा चौथरा) भिजतं आणि भिंतीला खालून ओल चढते.

पागोळी आठ-नऊ फुटांवरून पडते आणि जमिनीवर आपटून फूट-दीड फूट उडते. मातीवर पडली तर चिखल उडतो आणि भिंतीला तपकिरी पट्टा येतो. जांभ्याचा चिरा हे पाणी स्पंजासारखं पितो.

पागोळ्यांची रेघ पहिल्या पावसात जमिनीवर आपोआप उमटते. त्या रेघेवर, रेघ मध्यभागी येईल असा, फूटभर रुंद आणि फूटभर खोल चर खणा. तळाला उतार देऊन तो घरापासून दूर, बागेकडे किंवा परसातल्या गटाराकडे काढा. वर ओबडधोबड खडी किंवा जांभ्याचे तुकडे भरा. थेंब खडीत फुटतो, उडत नाही. खडीखाली जुनी मच्छरजाळी घालू नका. गाळाने भरली की पाणी वरच तरंगतं.

अंगणात फरशी किंवा कोबा करणाऱ्यांना एक विनंती: उतार घरापासून बाहेर. हास्यास्पद वाटेल, पण मी निदान पाच अंगणं अशी पाहिली आहेत जिथे पाणी सुंदर कोब्यावरून जोत्याकडे येतं. आणि ओल येते म्हणून जांभ्याच्या भिंतीला बाहेरून प्लास्टिकसारखा रंग मारू नका. खालून चढलेल्या पाण्याला मग एकच वाट राहते, ती तुमच्या झोपायच्या खोलीकडची.

झडीचं काय करायचं?

आढ्याचं पाणी वळचणीला, अशी म्हण आपण ऐकत आलोय. जुलैतल्या वाऱ्यात वळचणीचं पाणीही आढ्याकडे जायला बघतं. झड, म्हणजे वाऱ्याने तिरका आत येणारा पाऊस, अडवायला पूर्वी माडाच्या झावळ्या विणून पडवीला बाहेरून लावत. या झापांतून वारा थोडा आत यायचा, पाणी बाहेर राहायचं. आता सगळीकडे निळी ताडपत्री. तिचा दोष हा की ती वारा अडवते, शिडासारखी फुगते आणि ज्या वाशाला बांधली त्यालाच हलवते. हिरवी शेडनेट दुहेरी लावून बघा. पाऊस अडतो आणि वाराही जातो. ताडपत्रीच लावायची तर वरून पक्की बांधा, खाली बांबू ओवून तो सैल लोंबता ठेवा, आणि जमिनीपासून सहा इंच मोकळे सोडा. वरचं टोक कौलाच्या *आत*, रिपेखाली यायला हवं. कौलावरून लावली तर पागोळीचं पाणी ताडपत्रीच्या मागे उतरतं.

स्लॅबचं घर आहे. छज्जाच्या खालचं प्लास्टर पडतंय, सळ्या दिसतायत.

आता शहरात येऊ. रस्त्यावरून कोणतीही तीस वर्षांची इमारत बघा. छज्जाच्या कडेपासून सहा-आठ इंच आतपर्यंत काळा पट्टा दिसेल. पाणी कडेवरून सुटलं नाही, पोटाला चिकटून आत आलं, त्याची ती खूण. ते पाणी काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि काँक्रीट आतून फुटून खपली पडते. समुद्राजवळ हवेतलं मीठ हे काम लवकर उरकतं.

उपाय अगदी स्वस्त आहे, फक्त तो बांधतानाच करायचा असतो. छज्जाच्या पोटाला, कडेपासून इंचभर आत, कडेला समांतर अशी अर्धा इंच रुंद खाच ठेवायची. बांधकामावर तिला ड्रिप मोल्ड म्हणतात. पाणी खाचेपर्यंत येतं, तिला ओलांडता येत नाही, थेंब होऊन पडतं. खाच दोन्ही टोकांना भिंतीच्या दोन इंच अलीकडे थांबवा. भिंतीपर्यंत नेली तर तीच पन्हळ बनते आणि पाणी भिंतीत सोडते.

जुन्या छज्जाला ग्राइंडरने खाच पाडू का, असं लगेच पुढे विचारतात. नका पाडू. सळईखालचं काँक्रीट जेमतेम पाऊण इंच असतं, त्यात अर्धा इंच खाच पाडली की सळई उघडीच पडली समजा. नव्या प्लास्टरच्या जाडीत खाच काढून घ्या, किंवा ॲल्युमिनियमची काटकोनी पट्टी कडेला सीलंटने चिकटवून तिची धार अर्धा इंच खाली सोडा.

दुरुस्ती करताना सैल काँक्रीट पूर्ण काढा, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा, गंजरोधक लावा, मग पॉलिमर मिसळलेला माल भरा. गंजलेल्या सळईवर नुसतं प्लास्टर चढवणं म्हणजे पुढच्या वर्षीचं काम आत्ताच ठरवून ठेवणं. छज्जा कडेला खाली झुकलेला दिसला किंवा भिंतीजवळ वरच्या अंगाला लांब भेग असली, तर मात्र प्लास्टरवाल्याला बोलावू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावा. छज्जाची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. बांधताना मजुरांच्या पायाखाली ती दबून खाली गेली असेल, तर छज्जा नुसता काँक्रीटच्या भरवशावर उभा आहे. त्यावर कुंड्या ठेवू नका आणि एसीचं बाहेरचं युनिटही.

गच्चीचा उतार चांगला आहे, तरी वरच्या मजल्यावर कडेच्या भिंतींनाच ओल येते.

गच्चीत चालताना खाली बघायच्या ऐवजी कठड्याकडे बघा. चोर बहुधा तिथे असतो.

कठड्याच्या डोक्यावर हात फिरवा. भेगा असतील, पाणी साचत असेल, तर ते भिंतीच्या विटांतून खाली उतरतंय. कठड्याच्या डोक्याला *आतल्या* बाजूला उतार हवा, म्हणजे पाणी गच्चीत येतं, बाहेरच्या भिंतीवर ओघळत नाही. वर कडप्पा किंवा ग्रॅनाइटची पट्टी बसवली तर ती दोन्हीकडून इंच-इंच बाहेर काढा आणि खालून ग्राइंडरने बारीक खाच पाडा. दगडाला खाच पाडायला हरकत नाही. पट्ट्यांमधले सांधे पांढऱ्या सिमेंटने भरतात, ते उन्हात फुटतात. तिथे लवचीक सीलंट हवं.

मग कठडा आणि गच्ची मिळतात तो कोपरा. तिथे काटकोन असेल तर भेग येणारच. गवंडी तिथे तिरका गोलसर माल मारतात, त्याला वाटा म्हणतात. तो तीन-चार इंचांचा हवा, आणि वॉटरप्रूफिंगचा थर वाट्यावरून कठड्यावर फूटभर चढलेला हवा. बहुतेक गच्च्यांत तो चार इंचांवर संपतो, आणि वरच्या कडेने पाणी त्याच्या मागे शिरतं.

तिसरं म्हणजे भोकं. रेलिंगचे खांब, डिशचे बोल्ट, सौर पाणीतापकाचे पाय, मांडववाल्याने लग्नात ठोकलेले हुक. आमच्या इमारतीची गळती दोन वर्षं सापडत नव्हती. शेवटी ती एका काढून टाकलेल्या अँटेनाच्या चार भोकांतून येत होती.

कठड्यातून पिंपळाचं रोप उगवलं असेल तर वरून कापून काही होत नाही. मुळासकट निघेल एवढं प्लास्टर फोडा, आणि ते रोप करंगळीएवढं असतानाच.

गच्चीला किती पाइप हवेत?

तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तर चार इंची उभ्या पाइपला साधारण ४० चौरस मीटर, म्हणजे सव्वाचारशे चौरस फूट गच्ची द्यावी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तेव्हा हात आखडता घेऊ नका. पाइप किती आहेत याच्याइतकंच त्यांचं तोंड कसं आहे हे महत्त्वाचं: तोंड गच्चीच्या पातळीपेक्षा खाली आणि त्यावर घुमटासारखी जाळी. सपाट जाळी एका पिशवीने बंद होते. शिवाय कठड्यात, जमिनीपासून चार-पाच इंचांवर, एक-दोन जादा भोकं ठेवून बाहेर नळी काढा. एरवी ती कोरडीच राहतील. त्यातून पाणी पडायला लागलं की खालचा चौकीदारसुद्धा सांगेल, गच्ची तुंबली म्हणून.

केमिकल कोटिंग मारून घेतलं की झालं ना?

कोटिंग हे शेवटचं काम. उतार, वाटा, कठड्याचं डोकं आणि पाइपची तोंडं आधी. आमच्याकडे एका ठेकेदाराने दहा वर्षांची हमी देऊन पांढरा थर मारला. थर अजून शाबूत आहे, गळतीही. काम झाल्यावर पैसे पूर्ण देण्याआधी पाइप बंद करून गच्चीत दोन-तीन इंच पाणी भरा आणि ४८ ते ७२ तास ठेवा. ठेकेदार कुरकुरला तर त्याचं कारण विचारा.

त्यापेक्षा गच्चीवर पत्र्याची शेड बरी नाही का?

गळती झाकते, बरी करत नाही. शिवाय परवानगी लागते. टाकायचीच तर पत्र्याची कड कठड्याच्या बाहेर निदान सहा इंच न्या, नाही तर सगळं पाणी कठड्याच्या डोक्यावर पडेल. पाणी शेजारी पडत असेल तर पन्हळ लावा. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, खोलगट भागात नाही, आणि रबरी वॉशर बघून घ्या. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा पत्रे उडाले ते बहुधा कडेपासून. वाऱ्याची ओढ कडेला आणि कोपऱ्यांना सर्वात जास्त असते. म्हणून कडेच्या ओळीत स्क्रू दुप्पट.

सोसायटीत हा खर्च कोणी करायचा?

आदर्श उपविधींनुसार (सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) पावसाच्या पाण्याची गळती, आणि गच्चीच्या गळतीमुळे वरच्या मजल्याच्या छताचं झालेलं नुकसान, सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायचं. खालच्या मजल्यावरचे 'आम्हाला काय त्याचं' म्हणतात, त्यांना हे वाचून दाखवा. अर्ज लेखी द्या, फोटोंवर तारीख घाला.

शाकारणी (पावसाळ्याआधी कौलं नीट करणं) कधी करावी? माणसंच मिळत नाहीत.

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात. रोहिणीच्या सरी येऊन गेल्यावर कौलांवर चढू नये, शेवाळ ओलं झालेलं असतं. एप्रिलमध्येच माणूस सांगून ठेवा. मृग जवळ आला की सगळा गाव एकाच माणसाच्या मागे असतो. सगळी कौलं काढून परतणं दरवर्षी लागत नाही. कडेच्या तीन ओळी आणि दोन पाखी मिळतात ती घळ, एवढं दरवर्षी बघा, बाकी चार-पाच वर्षांनी. दहा-वीस जुनी कौलं जपून ठेवा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत.

स्वतः चढू नका. चढावंच लागलं तर कौलांवर आडवी शिडी टाकून तिच्यावरून जा, आणि खाली कोणी तरी उभं असू द्या.

आम्ही मुंबईत, घर गावाला बंद. लांबून काय कळणार?

बरंच. शेजारच्या मुलाला जोराच्या सरीत छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारायला सांगा, फोनवर व्हिडिओ काढत. कौलं दाखवू नको म्हणावं, पागोळ्या दाखव. प्रत्येक खाचेतून एक अशी पागोळ्यांची रांग सारख्या अंतराने पडत असते. कुठे एखादी पागोळी बारीक झाली असेल किंवा दोन-तीन एकदम गायब असतील, तर व्हिडिओ तिथे थांबवा आणि त्याच रेषेत वर आढ्यापर्यंत बघा. ते पाणी वाटेत कुठे तरी घरात उतरतंय. मुलाला किल्ली द्या आणि नेमकं त्या खोलीत जाऊन यायला सांगा.